सड्यावरचं कातळशिल्प: एआय, लायडार की साधा मोबाइल? नोंद नेमकी कशी करावी?

सडेकर (प्रश्न)

राजापूर तालुक्यातल्या एका सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, एक कातळशिल्प (कातळात कोरलेली आकृती) आहे, आजवरच्या कुठल्या यादीत ते दिसत नाही. आकृती चौपायी प्राण्याची. लांबी साधारण ४ मीटर, रुंदी ३ मीटर. कोरलेली रेषा ३ सेंटीमीटर रुंद, खोली दीड ते दोन सेंटीमीटर. तोंड, पाठ आणि पुढचे पाय स्वच्छ दिसतात. मागचे दोन पाय मातीत आणि सुकल्या गवताखाली बुजलेत. शेजारच्या गटात चिरेखाण (जांभ्याचे चौकोनी दगड काढायची खाण) चालू आहे. या जागेच्या मालकांना पावसाआधी हापूसच्या कलमांसाठी कातळात खड्डे मारायचे आहेत. मालक समजूतदार आहेत, नोंद होईपर्यंत थांबतो म्हणालेत. पण पाच-सहा आठवड्यांपलीकडे त्यांना थांबवणं बरं नाही.

सप्टेंबर २०२४ मध्ये पेरूतल्या नाझ्काची बातमी आली. यामागाता विद्यापीठ आणि आयबीएम यांनी एआयच्या मदतीने सहा महिन्यांच्या फिरतीत ३०३ नव्या भूचित्रांची भर घातली. त्याआधी जवळपास शंभर वर्षांत ४३० आकृत्या माहीत झाल्या होत्या. त्याच वर्षी इक्वेडोरच्या उपानो खोऱ्यात लायडारने (लेसरच्या झोताने अंतर मोजणाऱ्या यंत्राने) जंगलाखालची वस्ती उघडी केली. हे तंत्र आपल्या सड्यांवर चालेल का? आणि ते चालत नसेल तर मोबाइल, टेप आणि एक लहान ड्रोन एवढ्यावर पुरातत्व खात्याला उपयोगी पडेल अशी नोंद कशी करायची? वयाबद्दल काही सांगता येईल का? मागचे पाय मोकळे करून घ्यावेत का? गावातली मुलं खराटा घेऊन तयारच आहेत.

---

नकाशेवाला

खराटा आधी बाजूला ठेवायला सांगा. त्याचं कारण खाली कुणीतरी नीट लिहील. मी बातम्यांपुरतं बोलतो.

नाझ्काचं तंत्र तिथे चाललं त्यामागे तिथली जमीन आहे. वाळवंटात वरचे काळपट दगड बाजूला केले की खालची फिकट जमीन दिसते, म्हणजे आकृती रंगाने उठते आणि ती वरून काढलेल्या फोटोत उतरते. नव्या सापडलेल्यांत बहुतेक लहान, सरासरी ९ मीटरच्या आकृत्या होत्या. फोटोत त्या होत्याच, फक्त एवढ्या मोठ्या पठारावर माणसाच्या नजरेतून सुटत होत्या. आपल्याकडे रंगाचा फरक नाही. जांभा वरून काळा, रेषेच्या आतही काळा, कारण आतल्या भागावरही तीच जुनी पुटं चढलेली आहेत. दोन सेंटीमीटरची खोली तेवढी खरी. म्हणून रंगीत फोटोंवर शिकवलेलं एआय मॉडेल सड्यावर फसतं. त्याला उंचसखलपणाचा नकाशा द्यावा लागतो, आणि तो आधी जमिनीजवळून तयार करावा लागतो. थोडक्यात, एआय पुढची पायरी आहे, पहिली नव्हे.

कुणी मॉडेल शिकवणार असेल तर दोन गोष्टी आजच ठरवा. नकारात्मक नमुने भरपूर ठेवा: गाडीवाटेच्या चाकोऱ्या, गडग्यांचे (दगडी बांधांचे) पाये, कलमांचे जुने खड्डे, चिऱ्याच्या मशिनचे समांतर काप, पाण्याने झिजलेल्या कुंड्या, मुळांच्या वाटा. दुसरं, शिकवायचे आणि तपासायचे तुकडे गावानुसार वेगळे करा. एकाच शिल्पाचे काही तुकडे शिकवण्यात आणि काही तपासणीत आले तर आकडे ९५ टक्क्यांवर जातात, नव्या सड्यावर मात्र मॉडेल आंधळं निघतं.

लायडारचंही तसंच. विमानातून मारलेला लायडार पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचतो, म्हणून जंगलाखालचे ओटे, रस्ते, कालवे दिसतात. ती बांधकामं मीटरभर उंचीची असतात. हवाई लायडारची उभी अचूकता साधारण ५ ते १० सेंटीमीटर. तुमची रेषा दोन सेंटीमीटर खोल, म्हणजे ती यंत्राच्या चुकीतच बुडाली. सड्यावर झाडी नाही, तेव्हा लायडारचा मोठा फायदाही इथे मिळत नाही. काही मोबाइलमध्ये लायडार असतो. त्याचा पल्ला ५ मीटर, पण तपशील सेंटीमीटरचा. खोलीचा आराखडा काढायला तो ठीक, या रेषांना नको.

उपग्रहांची आशा तर सोडाच. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाचा एक पिक्सेल १० मीटरचा. ३० जुलै २०२५ ला अवकाशात गेलेला भारत-अमेरिकेचा निसार जमिनीची सूक्ष्म हालचाल टिपतो, पण त्याचंही चित्र काही मीटरच्या तपशिलाचं. आकृती दिसणार नाही. सेंटिनेल-२ चा दुसरा उपयोग मात्र जरूर करा. तो फुकट मिळतो आणि साधारण दर ५ दिवसांनी तीच जागा टिपतो. गेल्या दहा वर्षांतल्या जानेवारीच्या प्रतिमा ओळीने लावल्या की शेजारची चिरेखाण कोणत्या बाजूला, दर वर्षी किती सरकते ते दिसतं. कार्यालयात अर्ज देताना हा एक कागद फार बोलतो.

---

तिसरी मिती

तुमच्या मापाच्या शिल्पाला फोटोग्रॅमेट्री हाच मार्ग. एकाच वस्तूचे वेगवेगळ्या जागांवरून काढलेले, एकमेकांवर चढणारे फोटो घ्यायचे आणि त्यांवरून संगणक प्रत्येक बिंदूची जागा काढून त्रिमितीय मॉडेल बनवतो. मोबाइल पुरतो, शिस्त हवी.

आधी माप. मोबाइलचा मुख्य कॅमेरा २ मीटर उंचीवरून सरळ खाली धरला तर जमिनीचा साधारण २.६ बाय २ मीटर भाग येतो. १२ मेगापिक्सेलला एक पिक्सेल पाऊण मिलिमीटरहून कमी पडतो, म्हणजे ३ सेंटीमीटरच्या रेषेवर चाळीसेक पिक्सेल. भरपूर झाले. मोबाइल काठीला आडवा बांधा, ब्लूटूथचं बटण हातात ठेवा, स्वतः काठीच्या मागे राहा म्हणजे पाय फोटोत येत नाहीत.

आकृतीभोवती चारी बाजूंनी मीटरभर जागा धरा, म्हणजे ६ बाय ५ मीटरचं शेत झालं. पुढे सरकताना ८० टक्के भाग आधीच्या फोटोत आलेला हवा, म्हणजे दर ४० सेंटीमीटरला एक फोटो. शेजारच्या पट्ट्यावर ७० टक्के चढ, म्हणजे दोन पट्ट्यांत ८० सेंटीमीटर. ६ मीटरच्या पट्ट्यात १६ फोटो, असे ८ पट्टे, झाले १२८. मग तेच शेत आडव्या दिशेने पुन्हा, साधारण १२५. शेवटी कडेने एक फेरी, कॅमेरा ३० ते ४५ अंश तिरपा, आत रोखलेला, ३५-४० फोटो. एकूण तीनशेच्या आत. सुंभाच्या दोऱ्या ताणून पट्टे आखून घ्या. दोऱ्या बाहेरच्या दगडांना बांधा, कातळात खिळा नको.

तिरपी फेरी कंटाळा करून सोडू नका. नुसते सरळ खाली काढलेले समांतर फोटो असले की भिंगाच्या वक्रतेचा हिशेब चुकतो, आणि सपाट कातळ मॉडेलमध्ये ताटलीसारखा खोलगट किंवा उलटा फुगीर होतो. ही चूक डोळ्यांना लगेच कळत नाही. आडवे पट्टे आणि तिरपे फोटो ती धरून ठेवतात.

कॅमेऱ्यात एचडीआर बंद, रुंद भिंग बंद, पोर्ट्रेट आणि पॅनोरामा अजिबात नको. फोकस आणि उजेड एकदा लावून कुलूपबंद करा. काही मोबाइल जवळ गेल्यावर आपोआप दुसऱ्या भिंगावर जातात, तेही बंद करा. नाहीतर एकाच संचात दोन भिंगांचे फोटो मिसळतात आणि मॉडेलच्या मधोमध पायरी पडते. शटर १/२५० किंवा त्याहून वेगवान, आयएसओ १००-२००. लोकेशन बंद.

उजेडाचे दोन वेगळे संच करा. पहिला ढगाळ वेळी किंवा मोठी पांढरी चादर धरून केलेल्या सावलीत. मॉडेलसाठी हा संच. दुसरा सूर्य उगवल्यावर अर्ध्या-पाऊण तासात, उन्हाची तिरीप आडवी असताना. हे पाहण्यासाठी. रेषांत सावली भरते आणि आकृती उठते. हे दोन संच मॉडेलमध्ये एकत्र टाकू नका. सकाळी ७ चा आणि ९ चा फोटो संगणकाला दोन वेगळ्या वस्तू वाटतात, कारण सावल्या सरकलेल्या असतात.

ऋतू म्हणाल तर नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी. मृगाच्या सरींनंतर रेषांत पाणी साचून आकृती फार सुंदर दिसते. तेव्हा एखादा फोटो आठवण म्हणून घ्या, पण चकाकणारं पाणी मॉडेलला चालत नाही. भाद्रपदात सड्यावर गेंद आणि सीतेची आसवं फुललेली असतात, त्या वेळी तिथे पावलं कमी पडलेलीच बरी. वणवा गेलेला सडा असेल तर राख पहिल्या पावसात धुऊन जाईपर्यंत रंगावर विश्वास ठेवू नका.

आता मोजमाप, जिथे बहुतेक नोंदी वाया जातात. पट्टीशिवाय मॉडेलला आकार असतो, माप नसतं. काळ्यापांढऱ्या चौकड्यांची ८ सेंटीमीटरची पाच निशाणं जाड, न चमकणाऱ्या कागदावर छापून लहान पत्र्यांवर चिकटवा. चार निशाणं आयताच्या कोपऱ्यांवर ठेवा. आयत काटकोनात आणायला गवंड्याची तीन-चार-पाचची रीत पुरते. ६ बाय ५ च्या आयताचा कर्ण ७.८१ मीटर भरला पाहिजे, दोन्ही कर्ण मोजा. पाचवं निशाण एका बाजूच्या मध्यावर, तपासणीसाठी. उंचीला गवंड्याचीच पारदर्शक पाण्याची नळी घ्या. तिने पाचही निशाणांची उंची दोन-तीन मिलिमीटरपर्यंत मिळते. शिवाय एक मीटरच्या अॅल्युमिनियमच्या दोन पट्ट्या शेतात ठेवा. लाकडी पट्टी आपल्या दमट हवेत फुगते. सगळी मापं वहीत लिहा आणि त्या पानाचा फोटो संचातला पहिला फोटो म्हणून ठेवा.

---

जांभेकर

खराट्याबद्दल. रेषेत साचलेली माती आणि रेषेवरचं दगडफूल हा कचरा नाही, पुरावा आहे. उद्या कुणाला वयाचा अभ्यास करायचा झाला तर न हललेली माती हाच त्यांचा एकमेव दुवा असू शकतो. एका सकाळच्या सफाईत तो कायमचा जातो.

वयाचं थोडं सविस्तर सांगतो, कारण बातम्यांमुळे अपेक्षा वाढल्या आहेत. जुलै २०२४ मध्ये सुलावेसीतल्या लेआंग कारामपुआंग गुहेतल्या चित्राचं वय किमान ५१,२०० वर्षं जाहीर झालं. तिथे चित्रावर चुनखडीचा पातळ थर चढला होता. त्या थरातल्या युरेनियमचं थोरियम किती झालं ते लेसरने बारीक बारीक खरवडून मोजलं. थर चित्रावर चढलेला आहे, म्हणजे चित्र त्याहून जुनं. आपला जांभा लोह आणि अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा आहे. त्यावर असा चुनखडीचा थर चढत नाही, तेव्हा ही पद्धत इथे लागू नाही.

कार्बन-१४ ला सेंद्रिय पदार्थ लागतो: कोळसा, हाड, लाकूड. त्याचा पल्लाही सुमारे ५०,००० वर्षांचा. कोरलेल्या रेषेत रंग नाही, कोळसा नाही. रेषेत अडकलेल्या गवताच्या मुळाचं वय काढलं तर ते त्या मुळाचं वय, शिल्पाचं नव्हे.

उरली प्रकाशदीप्ती पद्धत. मातीतल्या क्वार्ट्‌झ किंवा फेल्डस्पारच्या कणांवर शेवटचं ऊन कधी पडलं ते ती सांगते. कणावर काही मिनिटं ऊन पडलं तरी घड्याळ शून्यावर येतं. म्हणूनच नमुना अंधारात, अपारदर्शक नळी ठोकून, दोन्ही टोकं बंद करून घेतात, आणि तो तज्ज्ञच घेतात. उघड्या सड्यावरची दोन सेंटीमीटर माती दर पावसाळ्यात हलते, शिवाय बेसॉल्टपासून झालेल्या जांभ्यात क्वार्ट्‌झ मुळातच कमी. जिथे शिल्पावर जाड, न हललेला थर बसला असेल तिथेच काही हाती लागेल. तेही किमान वय: माती बसली त्याआधी कोरलं, एवढंच. खराटा फिरला की नेमका हाच थर जातो.

म्हणून तुमच्या नोंदीत वयाचा रकाना कोरा ठेवा. 'दहा हजार वर्षं जुनं' असं लिहिण्याचा मोह होतो. त्याऐवजी वयाच्या चर्चेला कामी येतील अशा गोष्टी लिहा: रेषेचा छेद इंग्रजी यू सारखा आहे की व्ही सारखा, छिन्नीचे ठोके दिसतात का, रेषेच्या आतला रंग बाहेरच्या कातळाशी किती जुळतो, एक रेष दुसरीला कापून जाते का. कापत असेल तर कोणती कोणाला, हे फार महत्त्वाचं. प्राणी कोणता याचाही घाईने निकाल नको. कोकणातल्या शिल्पांत गेंडा आणि पाणघोडा ओळखले गेलेत, आणि हे प्राणी आज इथे नाहीत. आपल्याला जे ओळखीचं वाटतं तेच खरं धरलं तर अशी ओळख हुकते.

आणि खडू, चुना, रंग, पाणी, तारेचा ब्रश, काहीही लावू नका. चुन्याने रेष भरली की फोटो छान येतो, पण ती तुमची समजूत असते. चुकीच्या जागी भरलेली रेष पुढच्या प्रत्येक फोटोत तशीच दिसत राहते. शिवाय चुना जांभ्याच्या छिद्रांत जाऊन बसतो. सुटं वाळकं गवत हाताने उचला, तेही आधीचा एक संच काढून झाल्यावर. उगवलेलं गवत उपटू नका, कात्रीने कापा. मुळाबरोबर रेषेचा काठ निघून येतो.

---

सडेकर

सगळ्यांचे आभार. एक चाचणी करून पाहिली. २१० फोटो, वेबओडीएममध्ये (फोटोंवरून मॉडेल बनवणारं सॉफ्टवेअर) मूळ सेटिंग ठेवून. निकाल असा: आकृती टेपने ४.०५ मीटर, मॉडेलवर ५.३ मीटर. उंचीच्या नकाशात कातळ मधोमध ९ सेंटीमीटर खचलेला दिसतो. आणि रेषा तर दिसतच नाहीत, नुसता गुळगुळीत पृष्ठभाग. रंगीत चित्रही अंधूक. तिरपी फेरी या चाचणीत नव्हती. लोकेशन चालू होतं.

---

तिसरी मिती

चारही दुखण्यांची कारणं तुमच्याच मजकुरात आहेत.

५.३ मीटर: लोकेशन चालू. मोबाइलचं स्थान ३ ते ५ मीटर इकडेतिकडे उडतं आणि तुमचं शेतच ६ मीटरचं. सॉफ्टवेअर फोटोत लिहिलेल्या जागांवर भरवसा ठेवून मॉडेलला माप देतं. त्या उड्या ताणून बसवल्या की माप सुटतं. पुन्हा काढताना लोकेशन बंद ठेवा आणि माप निशाणांवरून द्या. त्यासाठी एक साधी मजकुराची फाइल लागते. पहिल्या ओळीत प्रक्षेप (नकाशाची मापपद्धत), आपल्या किनाऱ्याला यूटीएमचा ४३ उत्तर हा पट्टा, त्याचा ठरलेला क्रमांक ईपीएसजी ३२६४३. एका कोपऱ्याचे आकडे मोबाइलवर १० मिनिटांची सरासरी घेऊन लिहा. बाकीची निशाणं त्या कोपऱ्यापासून टेपच्या मापाने, मिलिमीटरपर्यंत. जगाच्या नकाशावर सगळं मिळून ३ मीटर सरकलेलं असेल, पण आतलं माप पक्कं राहील. प्रत्येक निशाण निदान तीन फोटोंत दाखवून द्यावं लागतं, मी पाच-सहा फोटोंत दाखवायला सांगेन.

खचलेला मध्य: तिरपी फेरी नाही, म्हणून तीच ताटली.

अंधूक चित्र: वेबओडीएम फोटो चढवतानाच ते लहान करायला सुचवतं, २०४८ पिक्सेलपर्यंत. तो पर्याय बंद करा. तुमचे ४००० पिक्सेल तिथेच निम्मे झाले.

गायब रेषा: हे सगळ्यात महत्त्वाचं. उंचीच्या नकाशाचा मूळ तपशील ५ सेंटीमीटरला एक पिक्सेल असा असतो, कारण सॉफ्टवेअर शेतजमिनी आणि गावं मोजायला बनवलेलं आहे. तुमची पूर्ण रेष ३ सेंटीमीटरची. ती एका पिक्सेलच्या आतच मुरली. उंचीच्या नकाशाचा आणि ऑर्थोफोटोचा (फोटो जोडून बनलेल्या, सरळ वरून दिसणाऱ्या चित्राचा), दोन्हींचा तपशील ०.१ सेंटीमीटर करा. पृष्ठभागाचा नकाशा काढण्याचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो, तोही पाहा. तीनशे फोटोंना १६ जीबी मेमरी लागेल. कमी असेल तर शेताचे दोन तुकडे करा, पण दोन्ही तुकड्यांत किमान तीन निशाणं समाईक ठेवा.

नकाशा आला की क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये हिलशेड (कल्पित दिव्याची छायाप्रकाश दाखवणारी सोय) लावा. मूळ सेटिंगमध्ये दिवा वायव्येला ३१५ अंशांवर, उंची ४५ अंश असते. उंची १०-१५ अंशांवर आणा. दिव्याच्या दिशेला समांतर असलेली रेष दिसेनाशी होते, म्हणून ०, ४५, ९०, १३५ असे निदान चार नकाशे काढा. त्याहून चांगलं म्हणजे कातळाचा मूळ उतार काढून टाकणं. मूळ नकाशा ३० सेंटीमीटरच्या खिडकीने गुळगुळीत करायचा आणि मूळ नकाशातून वजा करायचा. उरतो तो फक्त रेषांचा उंचसखलपणा. माप तपासायला ॲल्युमिनियमची एक मीटरची पट्टी मॉडेलवर मोजा. १ ते २ मिलिमीटरचा फरक चालतो. ५ मिलिमीटर आला तर कुठल्यातरी निशाणाचा आकडा चुकलाय, आधी तो शोधा.

---

उडाण

ड्रोन असेल तर त्याचं काम वेगळं: शिल्प सड्यावर नेमकं कुठे, कुठल्या आकृतीशेजारी, पाण्याची कुंडी किंवा कड्याची धार किती लांब, हे दाखवणं. मोठ्या शिल्पांना तर ड्रोन हवाच. कशेळीचा हत्ती १८ बाय १३ मीटरचा, तो काठीने होणार नाही. १२ मेगापिक्सेलच्या साध्या ड्रोन कॅमेऱ्यात १० मीटर उंचीवरून एक पिक्सेल साधारण साडेतीन मिलिमीटर पडतो, एका फोटोत १४ बाय १० मीटर येतं. दर २ मीटरला फोटो, दोन ओळींत ४ मीटर. ३० मीटरवर गेलात की पिक्सेल सेंटीमीटरचा होतो, तीन सेंटीमीटरच्या रेषेवर जेमतेम तीन पिक्सेल. तेवढ्यात आकृती ओळखू येत नाही.

जांभ्याच्या सड्यावर होकायंत्र जपून. कातळात लोह आहे, आणि देवाचे गोठणेच्या शिल्पाजवळ सुई ढळते हे प्रसिद्धच आहे. ड्रोन कातळावर ठेवून कंपास कॅलिब्रेट केला तर चुकीची उत्तर दिशा त्याच्या डोक्यात बसते आणि वर गेल्यावर तो गोल गोल भरकटत राहतो. मीटरभर उंच प्लॅस्टिकच्या क्रेटवरून उडवा, लोखंडी टेबल नको, गाडीपासून दूर. तीच गोष्ट नकाशावरच्या उत्तरेच्या बाणाची. मोबाइलचं होकायंत्र वापरू नका. सड्यावर एकमेकांपासून १०० मीटर दूर असलेल्या दोन खुणांची स्थानं सरासरीने घ्या आणि त्यांच्यातली रेष नकाशावर टाका. चूक दोन-तीन अंशांत राहते.

उडवण्याआधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा हिरव्या पट्ट्यात आहे का पाहा. हिरव्यात कमाल उंची १२० मीटर, विमानतळाच्या ८ ते १२ किलोमीटरच्या कडीत ६० मीटर. रत्नागिरी आणि चिपी (सिंधुदुर्ग) या दोन्ही विमानतळांकडे हे लागतं. किनाऱ्यावर संरक्षित ठिकाणंही आहेत. स्थानिक मनाई आदेश आहे का ते पोलीस ठाण्यात विचारा आणि दिवस, वेळ, जागा लेखी कळवा. वारा सकाळी ९ च्या आत शांत असतो. दुपारी खारं वारं सुटलं की दहा मीटर उंचीवर फोटो हलतात.

पहाटेची तिरीप गाठायला अंधारात सड्यावर जाल तेव्हा गमबूट आणि बॅटरी हवीच. फुरशांचा (विषारी सापांचा) हा मुलूख. दगड उचलायला किंवा गवत बाजूला सारायला थेट उघडा हात घालू नका, आधी काठीने चाळवून पाहा. जवळच्या कोणत्या रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे ते आदल्या दिवशी विचारून ठेवा.

---

गटनंबर

कागदांचं थोडक्यात. सातबारा, गटाचा नकाशा (महाभूनकाशावर मिळतो), मालकाचं लेखी संमतिपत्र. राज्य पुरातत्व विभागाचं विभागीय कार्यालय रत्नागिरीतच आहे. अर्जाची प्रत ग्रामपंचायत, तलाठी आणि तहसीलदारांना द्या, पोच घ्या. संरक्षित स्मारक होणं १९६० च्या राज्य कायद्याखाली अधिसूचनेने होतं, त्याला वेळ लागतो. तोवर जागेला आपोआप कवच मिळत नाही. म्हणून मालकाशी थेट बोला: खड्ड्यांची आखणी शिल्पापासून किती मीटर दूर ठेवायची, सुरुंग वापरायचा की ब्रेकर, चिऱ्याचे ट्रक कुठून जातील. सुरुंगाच्या हादऱ्याने जांभ्याचा वरचा कडक पापुद्रा तडकतो. हातभर गडगा शिल्पाभोवती घातला की गुरं आणि गाड्या दोन्ही अडतात. त्याचा दगड मात्र बाहेरून आणा, सड्यावरचा उचलू नका. त्याखाली दुसरी आकृती असू शकते.

अर्जाला जोडा: मापाची पट्टी असलेला वरून घेतलेला नकाशा, दोन दिशांचे हिलशेड, दूरचे चार फोटो, अक्षांश-रेखांश दशांशात पाच अंकांपर्यंत (पाचवा अंक म्हणजे साधारण एक मीटर). मूळ फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवू नका, ते लहान होतात आणि आतली माहिती पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर पेनड्राइव्ह द्या. दोन प्रती वेगवेगळ्या घरांत ठेवा. अक्षांश-रेखांश फक्त कार्यालयाला, फेसबुकवर नको. हेच काम वर्षानुवर्षं करणारी निसर्गयात्री संस्था रत्नागिरीत आहे. त्यांच्या नोंदींशी ताडून पाहा, म्हणजे एकाच शिल्पाला दोन नावं पडणार नाहीत.

युनेस्कोच्या संभाव्य यादीत २०२२ पासून कोकणची कातळशिल्पं आहेत: रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसामाळ. अर्जात हा उल्लेख एका ओळीत जरूर करा. तुमचं शिल्प या परंपरेतलं आहे हे वाचणाऱ्याला लगेच कळतं.

---

सडेकर

निशाणं छापायला टाकली, लोकेशन बंद केलं. शेवटची शंका त्या मागच्या दोन पायांची. माती तशीच ठेवली तर नकाशावर प्राणी अर्धवट दिसेल. पुढच्या पायांवरून मागचे अंदाजाने काढून दाखवावेत का? आणि जमिनीत पाहणाऱ्या रडारने मातीखालची रेष दिसेल का?

---

जांभेकर

रडार नको. दोन-तीन सेंटीमीटर मातीखालची तेवढ्याच रुंदीची रेष त्याच्या तपशिलात बसत नाही, आणि लोहयुक्त ओली माती त्याच्या लहरी लगेच गिळते.

अंदाजाने रेष काढू नका. नकाशावर मातीचा भाग वेगळ्या छायेने दाखवा, त्याची हद्द तुटक रेषेने आखा आणि आत लिहा: 'माती व गवत, न उघडलेलं, जाडी अमुक सेंटीमीटर'. जाडी बांबूच्या बारीक काडीने तीन-चार ठिकाणी, रेषेच्या जागा सोडून, हळूच मोजा. जिथे रेष मातीत शिरते ते बिंदू मात्र मिलिमीटरपर्यंत नोंदवा, कारण पुढे खात्याने ती माती रीतसर उघडली तर त्यांना तिथूनच सुरुवात करायची आहे.